सरकारी शेर आणि माझी मूठ

भवानी पेठेतल्या आमच्या धान्याच्या दुकानातून सरकारनं आजवर एकच वस्तू जप्त केली, आणि त्यासाठीचा अर्ज मी स्वतः लिहिला होता.

मराठी चौथी झालेली घरात मी एकटीच. (सासूबाईंना त्याचं कौतुक नव्हतं. त्यांच्या लेखी सुनेची एकच गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी होती, ती म्हणजे हात. लग्नात चुडा भरताना कासारानं सोळा बांगड्या फोडल्या, तरी माझ्या मापाची सापडेना.) समोर सिद्रामप्पाचं दुकान. त्याची ज्वारी आमच्यापेक्षा स्वस्त. ती का, हे मला छळायचं. एवढ्यात कायदा झाला की साऱ्या मुंबई इलाख्यात धान्य मोजायचा शेर एकसारखा हवा, त्यावर सरकारी शिक्का हवा. माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याचा शेर लहान असणार!

"अहो, अर्ज करू या," मी म्हटलं.

"कशाला? त्याचं गिऱ्हाईक त्याच्याकडं, आपलं आपल्याकडं. चाललंय की."

तरी मी लिहिलाच, चांगल्या वळणदार अक्षरात. आम्ही खरं माप देतो, समोरचे देत नाहीत, येऊन खात्री करावी.

मापं तपासणारा साहेब आला. आधी समोर गेला. सिद्रामप्पाचा शेर तंतोतंत निघाला, शिक्काही बसला. मग आमच्याकडं. सासऱ्यांच्या वेळचा पितळी शेर मी चिंचेनं घासून लखलखीत करून ठेवला होता. साहेबानं आपलं सरकारी माप ज्वारीनं काठोकाठ भरलं आणि आमच्या शेरात ओतलं. शेर काही भरेना. वर बोटभर रिकामा राहिला.

आमचे हे वाकून बघत म्हणाले, "साहेब, तुमचं माप कमी हाय की."

"आमचं बरोबर आहे. तुमचं जास्त आहे."

"मग आमी जास्तच देतो न्हवं?"

"जास्त काय, कमी काय, कायद्याला दोन्ही चुकीचंच," म्हणत साहेबानं शेर पिशवीत टाकला. जाताना विचारलं, "अर्ज कुणी लिहिला? अक्षर छान आहे."

सासूबाई "अय्यो शिवने" म्हणाल्या आणि त्यांनी माझी दौत उचलून माळ्यावर ठेवली.

मला तेव्हा कळलं, पेठेला सगळं आधीपासून ठाऊक होतं. ज्याला स्वस्त हवं तो समोर जायचा, ज्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त तो आमच्याकडं यायचा. शेराचा तो बोटभर काठ म्हणजेच आमचं दुकान होतं. सरकारचंही चुकलं म्हणता येत नाही. गरिबाला लहान मापानं लुबाडणारे पेठेत होतेच. त्यांच्या झडतीत आम्ही सापडलो, तेही माझ्याच आमंत्रणानं.

शेर सारखा झाला म्हणून भावही सारखा करावा लागला. बाजाराच्या दिवशी लोकर विकून परतणारी धनगरीण बायडाबाई आली. आमचं जुनं गिऱ्हाईक.

"ह्यो शेर तुमचा न्हाय. त्यो मोटा कुटं गेला?"

"सरकारनं नेला."

"सरकारला काय खायाला न्हवतं व्हय?" असं म्हणून ती समोर गेली. तिच्यामागं बाकीच्याही गेल्या. दुकान बंद करून गिरणीत लागावं, असं हे जेवताना बोलले.

शेवटी यांनीच युक्ती काढली. शेर सरकारी, सपाटच भरायचा. पण 'लाभ, दोन, तीन' असं मोजून झालं (पहिल्या मापाला आमच्यात 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात) की वर एक मूठ फुकट. मापाबाहेर काय द्यावं, याला कायदा नव्हता. आठ दिवसांत सिद्रामप्पाही मूठ घालू लागला. त्याचा पंजा सुपाएवढा, आणि आमच्या यांच्या मुठीत चिमणीची न्याहारी!

सासूबाईंनी माझ्या हातांकडं पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच कौतुकानं पाहिलं असावं.

"हिला बसवा गादीवर."

मी बसले. पहिली मूठ पदरात पडली तशी बायडाबाई म्हणाली, "लई दिसांनी शेर भरला बाई." पुढच्या बाजाराला ती शेजारणींना घेऊन आली. गिरणीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

वर्षानं साहेब परत आला. शेर तपासला, बरोबर निघाला. मग माझ्या मुठीकडं बघत राहिला.

"ही किती भरते?"

"कासारानं सोळा फोडल्या, त्याला न्हाय कळलं," सासूबाई म्हणाल्या. "तुमी बघा."

साहेब हसत गेला. मीही हसले. पण त्याच आठवड्यात कानावर आलं की सिद्रामप्पाची बायको अक्षरं गिरवायला लागलीय, अर्जापुरती. तेव्हापासून ती दारात दिसली की मी हात पदराखाली घेते.