शिंपीणबाईंची पीचची रोपं

सुईत दोरा ओवताना डोळे दगा देऊ लागले, तशी शिंपीणबाईंनी शिलाई मशीन झाकून ठेवली आणि घरामागच्या अंगणात फळझाडांची रोपं करायला घेतली. हातावर हात धरून बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. पीचच्या कोयी पेरल्या, त्या उगवल्याही. पण रोपं बोटभर वाढून हटून बसली.

माती तपासून घेतली. तपासणारा म्हणाला, "माती फार आंबट आहे, बाई. मुळं आखडतात. चुना घालावा लागेल."

बाईंना एवढंच पुरलं. किती, कसला, हे विचारायला थांबतंय कोण! रंगकामातून उरलेला चुना त्यांनी सढळ हाताने वाफ्यात ओतला. काही दिवसांत पानं पिवळी पडली, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या.

शेजारच्या खोलीत राहणारी धाकटी जाऊ डोकावली. "ताई, भिंत रंगवायची होती का?"

बाईंना राग आला, हसूही आलं. पदर खोचून त्या पुन्हा माती तपासणाऱ्याकडे गेल्या.

"भिंतीचा चुना नको," तो म्हणाला. "चुनखडीची बारीक पूड घ्या, पेरण्याआधी मातीत कालवा आणि मुरू द्या. जास्त झाली तर कमीपेक्षा वाईट."

या वेळी बाईंनी घाई आवरली. जुन्या डब्यांत चुना न पडलेली माती भरली. काहींत पूड नाही, काहींत चिमूटभर, काहींत मूठभर. ओळखायला डब्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले. लाल दोरा चिमूटवाल्यांचा.

पूड मुरल्यावर कोयी पेरल्या. कोंब आले आणि बाईंचं घरात लक्ष लागेना. तव्यावरची पोळी करपली, तरी त्या अंगणात. लाल दोऱ्याची रोपं बघता बघता पुढे निघाली. पानं रुंद, गर्द, तकतकीत. मूठवाली पुन्हा पिवळी पडली, आणि बिनपुडीची होती तिथेच राहिली.

"अगं, लवकर ये," त्यांनी जावेला हाक मारली. एक लाल दोऱ्याचा डबा उलटा करून हलकेच थोपटला. मातीचा गोळा अलगद हातात आला. त्याच्याभोवती पांढऱ्या मुळांची जाळी दाट विणलेली.

जाऊ ओल्या हातांनीच खाली बसली. थट्टा विसरून ती मुळांवरून बोट फिरवत राहिली.

"ताई, पलीकडे नवा वाफा असाच करायचा का?"

"करायचा म्हणजे? फावडं आण."

दोघी जावा तिन्हीसांजेपर्यंत माती कालवत होत्या. पुढच्या हंगामात रोपं कमरेएवढी झाली, आणि ती न्यायला आलेल्या बागवाल्याला कुठलं रोप द्यायचं नाही, यावर दोघींचं मनसोक्त भांडण झालं.