चौदाऐवजी अकरा

गुरुवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी कॅप्टन झिफा क्लुत्से तमालेच्या छावणीतल्या वर्कशॉपमध्ये उभ्या होत्या. मेकॅनिक एका गस्तीच्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवत होता, दुसरीला बसवायला. इथली रीतच ती. सुटे भाग येत नाहीत, म्हणून एक गाडी मारायची आणि बाकीच्या जगवायच्या. मागच्या खेपेला बारा गाड्या आल्या. चौथ्या वर्षी सात धावतात.

आता नवी खरेदी आहे. मंजूर रकमेत नुसत्या गाड्या घेतल्या तर चौदा येतात, सीमेवरच्या प्रत्येक ठाण्याला एक. तीन वर्षांचे सुटे भाग आणि मेकॅनिकांचं प्रशिक्षण धरलं, तर अकरा. कारखान्याने सुचवलेल्या भागांत केबिन गरम ठेवायचा हीटरही होता. तो क्लुत्सेंनी काढून टाकला, हरमाटानच्या, म्हणजे कोरड्या वाळवंटी वाऱ्याच्या, धुळीसाठी एअर फिल्टर वाढवले आणि अकरा गाड्यांची शिफारस लिहिली.

त्यांचे वरिष्ठ कर्नल नेंदो यांनी ती वाचून विचारलं, "कॅप्टन, गाड्या घ्यायला निघालात की दुकान?"

"दुकान जवळ असतं सर, तर गाड्याच घेतल्या असत्या."

कर्नलची अडचण वेगळी होती. निविदा निघण्याआधीच ते गावोगावच्या नायांना, म्हणजे गावप्रमुखांना, भेटून आले होते. तुमच्या ठाण्याला गाडी देतो म्हणाले आणि त्यांच्या हातचा कोला, म्हणजे इथे शब्द पक्का करताना देतात ती कडू बी, खाल्ला. कोला खाऊन दिलेला शब्द पत्र पाठवून मागे घेता येत नाही.

क्लुत्सेंनी डांबरी रस्त्यावरची तीन ठाणी वगळली होती. त्यांतल्या एका गावात रात्री अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात ठाण्याचीच गाडी नेते. कर्नलनी नेमकं त्याच नावावर बोट ठेवलं.

"इथल्या बायकांनी काय करायचं?"

"शेजारचं ठाणं बारा किलोमीटरवर आहे, सर. तिथून गाडी येईल."

"येईल. चालू असली तर."

"म्हणून तर अकरा."

कर्नलनी शिफारशीचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी सही केली. त्या गावासाठी क्लुत्सेंकडे याहून चांगलं उत्तर नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

"शब्द मी दिलाय, मागे घ्यायलाही मीच जाईन," कर्नल म्हणाले. "तुम्ही सोबत चला. बोलणी वाटून खाऊ."

उद्या शुक्रवार. शुक्रवारी सकाळी नाया दरबारात बसतात. आठच्या आत दोघांना त्या गावी पोहोचायचं आहे.