हिराबाईंचा जप्त रेडिओ

एकाहत्तरच्या डिसेंबरात, ऐन लढाईच्या दिवसांत, मी सातारा ते सांगली सायकल मारायची ठरवली. घरच्यांनी वेड्यात काढलं. मी तेवीस वर्षांचा, कोणाचं ऐकणार? पिशवीत भाकऱ्या, पंक्चरचं सामान आणि दादाचा बिनालायसनचा ट्रान्झिस्टर. तेव्हा रेडिओसाठी पोस्टातून दरवर्षी लायसन काढावं लागे, हे आज खोटं वाटेल.

कराडपर्यंत रस्ता झकास. तुम्ही जाणार असाल तर पहाटेच निघा, उसाच्या गाड्या सुरू झाल्या की हाल होतात. कराडात वीस पैशांचा चहा मारला आणि पुढच्या एका गावात मुक्काम केला. इथं घरटी एक माणूस फौजेत. संध्याकाळी सगळं गाव पारावर एका रेडिओभोवती जमलेलं. रेडिओ हिराबाईंचा. त्यांचा मुलगा शंकर सीमेवर लढत होता. मागच्या सुट्टीत त्यानंच तो आणला होता.

बातम्यांची वेळ साधून रेडिओ लायसन तपासणारे इन्स्पेक्टर आले. मी माझी पिशवी हळूच मागे सरकवली.

"बाई, लायसन दाखवा."

"हाय की. पर ते शंकऱ्याच्या खिशात, आन् शंकऱ्या बॉर्डरवर. कागद ज्याचा त्यानं जपायचा, म्हनतो."

"मग कागद दिसेपर्यंत रेडिओ जप्त करावा लागेल." ते लिहायलाच बसले. असा संताप आला मला!

"आवं सायेब," हिराबाईंनी रेडिओवर हात ठेवला, "तिकडची खबर मला ह्येच्यातनंच कळती."

इन्स्पेक्टरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. जप्त रेडिओ गावच्या पोस्टात ठेवावा. तो चालू असल्याची खात्री रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळी, मालकाच्या आईसमक्ष करावी. मग पोस्ट सांभाळणाऱ्या गुरुजींना म्हणाले, "आजपासूनच करा."

पोस्ट म्हणजे गुरुजींची पडवी. त्यांनी बटण फिरवलं आणि गावानं श्वास रोखून बातम्या ऐकल्या. इन्स्पेक्टर टोपी काढून उंबऱ्याशी उभे होते. मी थक्क होऊन बघत राहिलो. सरकारी माणसाला मनापासून हात जोडावेसे वाटले, ते आयुष्यात पहिल्यांदा.

निघताना गुरुजींना पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी सांगलीत कृष्णेच्या घाटावर बसलो, भेळ खाल्ली, पण लक्ष सगळं त्या पडवीत. एसटीच्या टपावर सायकल टाकून घरी आलो आणि आधी लायसन काढलं.

फेब्रुवारीत गुरुजींचं कार्ड आलं. शंकर सुखरूप आला होता. घरी जायच्या आधी पोस्टात येऊन त्यानं लायसन दाखवलं आणि सही करून रेडिओ सोडवला. हिराबाईंनी मात्र तो परत पडवीतच ठेवायला लावला. म्हणाल्या, "माझा आला. अजून सात घरची पोरं यायची हायती."