पहिला हात थोरल्याचा

भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटली तेव्हा मी बायकोकडे बघून ऐटीत हात हलवला. "जपा हो, बोट लागेल," असं ती गिरगावातून निघतानाच म्हणाली होती. मी म्हटलं, "अगं, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचे. आम्हाला कसली बोट लागते?" मुरूड यायच्या आतच मी कठड्याला लोंबकळत होतो. सकाळचं सगळं समुद्राला अर्पण झालं. शेजारच्या एका म्हातारीनं माझ्या हातावर लिंबू ठेवलं आणि म्हणाली, "मुंबैचे मां तुमी? होताच तसा."

निघालो होतो विजयदुर्गला, एक निरोप घेऊन. शिवडीच्या गोदामात मी कारकून आणि शांताराम वजनकाट्यावर. घोडपदेवच्या चाळीत राहणारा, अगदी देवमाणूस. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात त्याला धरलं, दोन महिन्यांची शिक्षा झाली. पोलिसांच्या गाडीत चढता चढता तो मला म्हणाला, "दादा, बाबांनी गावी नवा मचवा बांधलाय. कार्तिकी पौर्णिमेच्या भरतीला पाण्यात लोटायचाय. आमच्या घरात दोराला पहिला हात थोरल्या मुलाचा. मी नाही दिसलो तर म्हातारा अडून बसेल आणि उन्हात फळ्या उकलतील. दोन वर्षांची मेहनत मातीत! त्यांना सांगा, रजा मिळाली नाही, मचवा सोडा. तुरुंगाचं तेवढं बोलू नका. हाय खातील." पत्र लिहावं, तर पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, ते वेळेवर पोचणार नाही. म्हणून मीच निघालो.

दिवेलागणीला विजयदुर्ग दिसलं. तीन बाजूंनी पाणी घेऊन बसलेला काय तो किल्ला! एकेकाळी इथं मराठ्यांचं आरमार नांगर टाकून असायचं. परक्या जहाजांची इथून जाताना गाळण उडायची. आणि आता? चार होड्या, वाळत घातलेली जाळी, निम्म्या घरांना कुलपं. पुरुष म्हणून विचाराल तो लालबाग-परळात. संपलं हे गाव, असं मी धक्क्यावर पाय ठेवतानाच ठरवून टाकलं. असे निकाल देण्याची मला सवयच आहे.

शांतारामचे वडील बाबाजी तांडेल (होडीचा मुख्य) अंगणात वाट बघत होते. माझ्यामागे कोणी नाही हे पाहून त्यांनी विचारलं, "झील (मुलगा) खय हा?" मी पढवलेला निरोप सांगितला. ते मला आत घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं वाढलं. आम्ही पाठारे प्रभू माशांच्या बाबतीत सहसा कोणाला दाद देत नाही, पण मी तीनदा भात घेतला. हात धुताना तांडेल शांतपणे म्हणाले, "रजा आज नाय तर उद्या गावतली (मिळेल). मी थांबतंय." झालं! करायला गेलो एक आणि झालं भलतंच. माझ्या थापेनंच मचवा अडला.

सकाळी त्यांनी मला किल्ला फिरवला. इंग्रज एकटा आला असता तर हात हलवत परत गेला असता, असं ते तटावर उभं राहून सांगत होते. पण पुण्याची, म्हणजे आपलीच, फौज त्याच्या मदतीला आली आणि आरमार बंदरातच जळालं. "भिंत धड होती," ते म्हणाले, "माणसां फुटली."

तिथून खाडीच्या कडेनं आम्ही गोदीपाशी आलो. खडक कोरून केलेली ती आरमारी गोदी अजून आहे. भरतीला भरते, ओहोटीला रिकामी होते. तिच्या शेजारी ओंडक्यांवर मचवा उभा होता, तेल पाजून तुकतुकीत. दोरापाशी दहाबारा म्हातारे आणि तितक्याच बायका कासोटे खोचून तयार. भरतीचं पाणी पहिल्या ओंडक्याला लागलंसुद्धा. तांडेल मात्र दगडावर बसून म्हणाले, "झील येवंदे."

पाणी दुसऱ्या ओंडक्याला लागलं. मित्राला शब्द दिला होता, आणि तो पाळला तर त्याच्याच बापाचं वाटोळं. शेवटी म्हटलं, होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

"तांडेल, मी खोटं बोललो. शांताराम तुरुंगात आहे."

ते ताडकन उठले. "चोरी केल्यान?"

"छे हो! मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून सत्याग्रह केला."

"एकट्यान?"

"एकटा कसा? अख्खं गिरणगाव आहे त्याच्याबरोबर."

म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत डोळे पुसले आणि तो ओरडला, "मगे माझो झील थयल्या (तिकडच्या) दोराक हात घालून हा! हयलो (इकडचा) तुमी धरा."

"मी? अहो, मी आमच्या घरात धाकटा!"

"आज थोरले व्हा. बेगीन धरा, पाणी थांबाचा नाय."

नारळ फुटला. मी दोर धरला, माझ्यामागे गाव लागलं. "हैसा रे, हैसा!" जन्मात लेखणीपलीकडे काही न उचललेल्या माझ्या तळव्यांची सालपटं निघाली. मचवा आधी हलेचना. मग करकरला आणि एकदम सुटला. मी तोंडावर चिखलात! सगळे हसले, मीही हसलो. डोकं वर केलं तर मचवा पाण्यावर डुलत होता. तांडेलांनी नारळाचं एक भकल खाडीत सोडलं आणि दुसरं माझ्या पिशवीत घातलं. "ह्या झिलाक," ते म्हणाले.

येताना मला बोट लागली नाही, पण बायको ते अजून मानत नाही. गाव संपलं हा माझा निकाल मात्र मी मागे घेतलाय. ज्या बंदरातून आरमार निघायचं तिथून आता माणसं निघतात. आपल्या गिरण्यांत, गोद्यांत आणि वेळ आली तर तुरुंगातही ती मिळून एका दोराला लागतात. इतकी वर्षं शिवडीत मी त्यांच्या शेजारी बसून काम केलं आणि त्यांचं गाव कुठलं, एवढंही कधी विचारलं नाही. याची मला लाज वाटते.

शांताराम सुटला तो थेट गोदामात आला.

"सोडला मचवा?"

"सोडला."

"माझं काय सांगितलंत?"

"खरं ते."

त्याचा चेहरा उतरला. "मग बाबा काय म्हणाले?"

मी खणातलं भकल काढून त्याच्या हातात दिलं आणि तांडेलांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. तो वजनकाट्यावरच खाली बसला. सुकलेल्या खोबऱ्याचा एक तुकडा त्यानं दातांनी तोडला.

"खवट झालंय हो, दादा," डोळे पुसत तो म्हणाला, आणि करवंटी दिसेपर्यंत खात राहिला.