गंगाबाईची दोन पानं

मी निघाले तेव्हा आई दारापर्यंतही आली नाही. विमानतळाची गाडी अंगणात उभी होती, नवरा बॅगा चढवत होता, आणि आई मागच्या पडवीत मुद्दाम तांदूळ पाखडत बसली होती. पाया पडायला गेले तर हातावर दही ठेवून एवढंच म्हणाली, "जा. पोचलीस का फोन कर." माथेरानच्या डोंगराकडे पाठ करून गाडी वळणावर आली आणि मागून तिची हाक आली, "सुले!" काय सांगायचं होतं कोण जाणे. गाडी थांबली नाही.

गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या लांब गेलेल्या माझ्या चुलत भावंडांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण गोष्ट आपल्या पणजीची आहे.

मेलबर्नला मी म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये काम करते. 'सुलोचना' तिथे कुणाच्या जिभेला झेपेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात माझी 'सू' झाली. बॅजवरही सूच. आधी हसू यायचं. मग एकदा ट्राममध्ये मागून कुणीतरी 'सू' म्हणालं आणि मी चटकन वळले. हाक दुसऱ्याच बाईला होती. त्या दिवशी हसू आलं नाही.

तिथल्या थंडीत सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडवत नाही. म्हणून लॅपटॉपवर आपली वंशावळ मांडायला बसले आणि पणजोबांपाशी अडले. त्यांची बायको गंगाबाई, हे आपल्याला पाठ. पण थोरले आजोबा आणि माझे आजोबा यांच्या वयात इतकं अंतर की गंगाबाईला नातवंडं खेळवायच्या वयात पुन्हा पाळणा बांधावा लागला असता. फोनवर आईला खोदून खोदून विचारलं, पण तिने ताकास तूर लागू दिली नाही. म्हणाली, पितृपाटात, पितरांच्या पंधरवड्यात ये, मग सांगते.

लग्नानंतर पहिल्यांदाच भाद्रपदात घरी आले. सवाष्णपणी गेलेल्या बायकांचं पान अविधवा नवमीला वाढतात. आईने केळीची दोन पानं वाढली. तशी ती दरवर्षीच वाढायची, आणि दुसरं पान गाईचं असेल अशी माझी आपली समजूत. "येक थोरल्या गंगाबाईचं, येक धाकटीचं," ती म्हणाली. "येका पानावर दोघी कशा बसतील?"

थोरली दोन पोरं मागे ठेवून गेली. पणजोबांनी दुसरं लग्न केलं आणि नव्या नवरीचं नावही गंगाच ठेवलं. तशी रीतच होती म्हणे. आता देव्हाऱ्यात असतो तो चांदीचा टाक थोरलीचा. धाकटीने तो, सवतीचा मान म्हणून, जन्मभर गळ्यात घातला, आणि पणजोबांच्या आधीच तीही गेली. माझे आजोबा धाकटीचे. मी सहज म्हटलं, म्हणजे थोरल्या आजोबांची मंडळी आपली सावत्रच. आई भडकली. "थोरलीच्या पोरांना धाकटीनंच न्हाऊमाखू घातलं. सावत्र कोन गं?"

मग मी धाकटीचं माहेरचं नाव विचारलं. आईलाच काय, आपल्यात कुणालाच ते माहीत नव्हतं. जन्मभर दुसरीच्या नावाला ओ देणारी ही बाई काही केल्या माझ्या मनातून जाईना. माहेर लोधिवलीचं, एवढाच धागा होता. दुसऱ्या दिवशी चौक गावापर्यंत एसटीने गेले, पुढे रिक्षा केली.

विचारत विचारत घर सापडलं. ओट्यावर एक म्हातारे बाबा बसले होते, तिच्या भावाचे नातू. लहानपणी तिला पाहिलेले. पण गंगाबाई म्हटल्यावर त्यांना काही उमजेना. आमच्या कर्जतकडे दिलेली, म्हटल्यावर चेहरा खुलला.

"गंगा तुमची. आमची ती चांगुनाआत्या. माहेराला चालत यायची. बांधावर दिसली का माजा आजा हाक मारायचा, चांगुने! पन ती वो द्यायची नाय. तितंच उभी राहायची आन् म्हनायची, दादा, आजून येकदा मार."

मी त्या परक्या ओट्यावर बसून ढसाढसा रडले. बाबांच्या सुनेने पाणी आणलं, मग चहा आणला. काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही.

सर्वपित्रीला आईने पुन्हा दोन पानं वाढली, हात जोडले आणि म्हणाली, "गंगाबाई, या. चांगुनाबाई, तुमी पन या." वंशावळीत मी आता दोघींना शेजारी शेजारी लिहिलं आहे, जिच्या तिच्या नावाने.

घर कुठे, असं तिकडे कुणी विचारलं की पूर्वी मी डोंगराचं, भाताच्या खाचरांचं वर्णन करत बसायचे. आता करत नाही. रविवारी आईचा फोन येतो. तिला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे ती पलीकडच्या शेतातून मारावी तशी हाक मारते, "सुले!"

मला पहिल्याच हाकेला ऐकू आलेलं असतं. तरी म्हणते, "आई, अजून एकदा मार."

ती मारते.