केसरबाईचा बिनसाखरेचा खवा

केसरबाईला विजयाच्या पेढ्यांची शिसारी बसली ती मागच्या ग्रामपंचायतीपासून.

मांजरसुंब्याकडून कपिलधारला वळलं की तिची खव्याची भट्टी. आसपासच्या बायका दूध घालतात, ती आटवते. त्या निवडणुकीत गावातल्या हनुमानचं पॅनल कपबशीच्या चिन्हावर उभं होतं. "मावशी, आपलीच सत्ता. आधीच करून ठिव," म्हणत त्यानं सुताराकडून कपबशीचा लाकडी ठसा करून आणला. केसरबाईनं परात भरून पेढे वळले, एकेकावर कपबशी उमटवली. अन् कपबशी आपटली. हरलेले तोंड लपवून बसले. जिंकलेले म्हणाले, "त्यांचं चिन्ह खाऊन आमी कावून बाटायचं?" पेढ्यांवर हिरवी लव चढली, आंबूस वास सुटला, शेवटी डुकरांनी खाल्ले. दूध घालणारी साखराबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "ह्याच्यासाठी मी रेडकाला आचळावरनं वढलं व्हय गं?"

ते बोलणं केसरबाईला जिव्हारी लागलं. पुन्हा दूध असं नासू द्यायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

यंदा कपबशीवाले अन् छत्रीवाले दोघंही आपापला ठसा देऊन गेले. केसरबाईनं खवा काढला, बिनसाखरेचा गोळा करून ओल्या फडक्यात बांधला, अन् निकालाची वाट बघत बसली. साखर पडली की त्याचा पेढा होतो, ठसा बसला की तो पेढा पार्टीचा होतो. तसाच ठेवला, तर हॉटेलवाला गुलाबजामला नेतो, न्हाईतर कपिलधारच्या यात्रेला खपतो.

मतमोजणीच्या सकाळी हनुमानचा भाचा सत्यम आला. "मामी म्हनली, पेढे दे."

"मोजून झालं का?"

"व्हईलच की. आपलाच गुलाल हाय."

"मंग गुलाल घिऊनच ये."

"लई अपशकुनी हायस गं तू!"

"तुझ्या मामाचा शकुन मागच्या टायमाला डुकरानं खाल्ला रं बाबा."

दुपारी फोन आला, कपबशी निवडून आली. तेव्हा कुठं केसरबाईनं चूल पेटवली. तरी सगळा खवा घेतला नाही, निम्माच कढईत टाकला. साखर घातली, हात पोळत पेढे वळले, ठसे मारले. परात गेली तेव्हा तिला बरं वाटलं. दूध माणसाच्या तोंडी लागणार होतं.

मग मिरवणूक भट्टीसमोर आली. जेसीबीच्या बकेटात हनुमान उभा, पायाशी तीच परात. मुठी भरभरून तो पेढे खाली भिरकावत होता, वैरणीसारखे. कुणी झेलले, कुणी दुसऱ्याच्या थोबाडाला चोपडले. बाकीचे पायदळी. टायराखाली चिरडून गुलालाचा अन् खव्याचा गुलाबी चिखल झाला, गटारीकडं ओघळला. त्यात एकजण पचकन थुंकला. एक पेढा केसरबाईच्या चौकटीला येऊन चिकटला.

सत्यम रिकामी परात घेऊन धावत आला. "मावशी, राहिलेल्याचे कर! वेशीपर्यंत जायचंय!"

"न्हाई करत."

"कावून? खवा तर दिसतोय की फडक्यात."

"थोबाडाला चोपडायला पिठलं न्या. सस्तं पडतंय, चिकटतंयबी चांगलं."

"सरपंचाला न्हाई म्हनतीस? भट्टीची जागा गायरानात हाय, ध्यानात ठिव."

केसरबाईनं कमरेला पदर खोवला. "सरपंचाला म्हनावं, खाली उतर. हितं बस. ताटलीत देते, पोटभर खा. फेकायला माज्याकडं खवा न्हाई."

सत्यमनं जाऊन सांगितलं. हनुमाननं तिच्याकडं बघितलंही नाही. ड्रायव्हरला हात केला. जेसीबी पुढं गेला.

केसरबाईनं फावडं घेतलं. रस्त्यावरचा तो लगदा ओढत ओढत उकिरड्याला लावला. मग पाणी घेऊन चौकट घासली. साखराबाई संध्याकाळच्या दुधाची चरवी घेऊन उभी होती, सगळं बघत.

"उद्याला घालू का दूध?" तिनं विचारलं.

"घाल," केसरबाई म्हणाली. "पन हे निवडणुकीवाले पुन्हा आले, तर भट्टी इझलीय म्हनून सांग."