आमच्या जावयांचं घरातलं पुणं

माझ्या जावयाने मला फसवलं, आणि तेही एक शब्द खोटा न बोलता. पेणच्या बाजारात भांड्यांचं दुकान मी शून्यातून उभं केलं. मला फसवायला आलेली माणसं मलाच बोहनी देऊन परत गेली आहेत. लग्नाच्या बैठकीतही मी सगळं वाजवून घेतलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, माझी पोरगी पुण्यातल्याच एका लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला, संसार पुण्यात. फक्त नोकरी पुण्यात बसूनच करणार ना, एवढं विचारायचं राहिलं. वर्षभरात जावई घरून काम करायचं म्हणून बायकोला घेऊन रोह्याला आईकडे आले, ते आलेच. नोकरी मात्र अजून पुण्यातच आहे.

माणूस तसा गरीब. मला बघून कानातलं यंत्र न काढता उठून नमस्कार करतो. पण मीटिंगसाठी ते यंत्र कानात गेलं की घरात संचारबंदी. मी लग्नात दिलेला कुकर शिट्टी मारतो म्हणून माळ्यावर गेला. शेजारचे आजोबा खोकायला मागच्या दारी जातात. मासेवालीला ओरडायची बंदी. ती बिचारी कुंपणावरून बोंबील उंच धरते आणि बोटांनी भाव सांगते. एकदा वैतागून माझ्या पोरीला म्हणाली, "हापिस त्याचा, नि तोंड माजा कशाला बंद गो?" खरं आहे. बोटांनी भाव सांगता येतो, घासाघीस कशी करणार? बरं, दिवसाढवळ्या तरणा माणूस घरात दिसला की लोक विचारणारच, कामावरून काढला काय? म्हणून विहीणबाई त्यांना कोथिंबीर आणायलासुद्धा गळ्यात कंपनीचं कार्ड घालून पाठवतात.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण रक्त काही फोनवरून काढता येत नाही. पोरीची नोकरी सुटली. रोह्यातच एका दवाखान्यात जागा निघाली, तर विहीणबाई म्हणाल्या, नवरा दिवसभर घरात आणि सून बाहेर, हे कसं दिसेल? त्याला चहा कोण देईल, गरम भात कोण वाढेल? जावयांनी यंत्र कानात घातलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

परवा मी भांडायलाच रोह्याला गेलो. खोलीचं दार बंद. मी आवाज चढवला तशी पोरगी म्हणाली, "बाबा, हळू बोला ना. मीटिंग चाललीय."

चहा देताना ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग कोपराच्या आतल्या बाजूला अंगठ्याने हलकेच दाबून म्हणाली, "शीर छान आहे तुमची. एका टोचण्यात मिळेल." आणि दुसरा कप घेऊन त्या बंद दाराकडे गेली.

आयुष्यात पहिल्यांदा मी न भांडता परत आलो. म्हणून इथे विचारतो. जावईबापू, तुमची नोकरी पुण्याहून घरी आली, त्या वाटेत माझ्या पोरीची कुठे पडली? याचा जाब तुमच्या आईने नाही, कंपनीने नाही, तुम्ही द्यायचा आहे. आणि मला नको. तिला द्या.